जीएसटी उतरला, टीव्ही स्वस्त झाला; पण खोक्यावरच्या ‘फोर-के’चे पैसे आपल्या घरात वसूल होतात का?

विटा : दसरा होऊन आठवडा झाला, दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलीय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपुढं पुन्हा मांडव पडलेत आणि सगळ्या बोर्डांवर एकच ओळ मोठ्या अक्षरात आहे : ‘जीएसटी कमी, टीव्ही स्वस्त’. गलाईवाली मंडळी दिवाळीला गावाकडं यायला लागली की घरात काहीतरी मोठी वस्तू येतेच. यंत्रमागवाल्यांचा बोनस होतो. द्राक्षवाल्यांचा मात्र सगळा पैसा सध्या ऑक्टोबर छाटणीत आणि औषधात अडकलेला आहे, त्यांना टीव्ही घ्यायचा तर हप्त्यावरच. म्हणजे वीस-पंचवीस हजारांचा प्रश्न आहे आणि तो बऱ्याच घरांत याच पंधरवड्यात सुटणार आहे. म्हणून जरा हिशेब मांडून बघू.

आधी जीएसटीचं. ३ सप्टेंबरला दिल्लीत जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. बातमी एवढीच आहे. पण बोर्ड वाचणाऱ्याला वाटतं की सगळेच टीव्ही स्वस्त झाले. तसं नाही. ३२ इंच आणि त्याखालच्या टीव्हीवर १८ टक्के कर १ जानेवारी २०१९ पासूनच आहे. त्यात आता एक रुपयाही कमी झालेला नाही. त्यामुळं ३२ इंची टीव्ही दाखवून कोणी ‘जीएसटी उतरल्यामुळं हजार रुपये कमी केलेत’ म्हणत असेल, तर ती त्याची दिवाळीची सूट असेल, सरकारची नव्हे. सूट घ्या, पण कशामुळं मिळाली ते समजून घ्या.

मोठ्या टीव्हीत किती फरक पडायला पाहिजे? कराआधीची किंमत २० हजार धरा. पूर्वी त्यावर ५,६०० कर लागून बिल २५,६०० व्हायचं. आता ३,६०० कर लागून २३,६०० व्हायला पाहिजे. म्हणजे जुन्या बिलाच्या शंभर रुपयांमागं पावणेआठ रुपयांच्या आसपास. दहा टक्के कर कमी झाला म्हणून बिलही दहा टक्क्यांनी उतरेल असं लोक धरून चाललेत, ते चुकीचं आहे. कर मूळ किमतीवर लागतो, म्हणून बिल पावणेआठच उतरतं. २५,६०० चा टीव्ही २४,८०० ला मिळाला आणि ‘जीएसटीचा फायदा दिला’ असं सांगितलं, तर बाराशे रुपये मधेच कुठंतरी राहिले असं समजा. खोक्यावर जुनी एमआरपी छापलेली असली तरी २२ सप्टेंबरनंतरच्या बिलात कर नव्याच दरानं लागतो. बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ अशा दोन ओळी दिसल्या पाहिजेत.

आता खरा विषय. हे जे दोन हजार वाचले, ते घालवायला दुकानदाराकडं तयार उत्तर आहे. ‘पाव्हणं, एवढं वाचलंय तर फोर-के घ्या की, फुल एचडी आता कोण घेतंय?’ आपण खोक्यावरचा आकडा बघतो, मोठा आकडा म्हणजे चांगला माल असं धरतो आणि हो म्हणतो. तो आकडा कशाचा आहे आणि आपल्या सोप्यात त्याचा उपयोग किती, हे दुकानात कुणी बोलत नाही.

टीव्हीचं चित्र म्हणजे बारीक ठिपके. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, त्याला रिझोल्यूशन म्हणायचं. विट्याच्या माणसाला हे मागावरनं चटकन कळेल. पन्ना तेवढाच, पण इंचात धागे जास्त बसवले की कापड तलम होतं. तसंच इथं. टीव्ही तेवढ्याच इंचाचा, पण ठिपके जास्त, म्हणजे चित्र तलम. एचडी रेडी टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, गुणाकार साडेदहा लाखाच्या आसपास. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. आणि आपल्या जुन्या दूरदर्शनचं चित्र, जे आजही साध्या चॅनेलवर येतं, ते ७२० गुणिले ५७६ चं, म्हणजे चार लाख आणि वर थोडे.

आकडे खरेच आहेत, चौपट म्हणजे चौपटच. पण तलम कापड हातात घेतलं की कळतं. रस्त्याच्या पलीकडनं बघितलं तर मांजरपाट आणि मलमल सारखंच पांढरं दिसतं. टीव्हीचं तसंच आहे, आणि इथंच पैसे जातात.

माणसाच्या निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक दिसतं. त्याच्यापेक्षा बारीक दोन ठिपके डोळ्याला एकच वाटतात. त्यावरनं हिशेब करता येतो की अमक्या इंचाच्या टीव्हीचे ठिपके किती फुटांपर्यंत वेगळे दिसतात. तो हिशेब करून बघितला. ३२ इंची एचडी रेडीचे ठिपके साधारण सहा फुटांपर्यंत जाणवतात, त्याच्या मागं बसलं की नाही. ४३ इंची फुल एचडीचे साडेपाच फुटांपर्यंत. ५५ इंची फुल एचडीचे सात फुटांपर्यंत. आणि ४३ इंची फोर-केचे? पावणेतीन फुटांवर. म्हणजे फोर-केची सगळी तलमाई बघायची तर टीव्हीला नाक लावून बसायला पाहिजे.

सोपी रीत सांगतो, दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी. टीव्हीच्या इंचांना आठनं भागा. जे उत्तर येईल तेवढ्या फुटांच्या मागं तुम्ही बसणार असाल, तर त्या आकाराच्या टीव्हीत फुल एचडी आणि फोर-के यांच्यातला बारकाव्याचा फरक तुमच्या डोळ्याला दिसणार नाही. ४३ भागिले आठ, साडेपाचच्या आसपास. ५५ भागिले आठ, सातच्या आसपास. एचडी रेडीसाठी आठाऐवजी साडेपाचनं भागायचं. ४३ इंची एचडी रेडी असेल तर आठ फुटांच्या आत बसणाऱ्याला चित्र खरबरीत वाटेल, म्हणून ४३ इंचात एचडी रेडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ३२ इंचाला मात्र एचडी रेडी पुरतो.

आता आपलं घर आठवा. दहा बाय बाराचा सोपा. टीव्ही एका भिंतीवर, समोरच्या भिंतीला कॉट नाहीतर सोफा. मधे आठ-नऊ फूट अंतर राहतं. म्हातारी माणसं कॉटवर, त्यांच्या चष्म्याचा नंबर वर्षानुवर्षं बदललेला नसतो, मोतीबिंदू असला तर बघायलाच नको. चार फुटांवर फक्त पोरं बसतात, आणि त्यांना तिथनं उठवण्यात आईचा दिवस जातो. आठ-नऊ फुटांवरनं ४३ इंचाचा फोर-के आणि फुल एचडी शेजारी शेजारी लावले, रंग आणि उजेड सारखा ठेवला, तर ओळखणारा मिळणं मुश्कील आहे.

दुकानात मग फरक का दिसतो? एक तर आपण तिथं तीन फुटांवर उभे असतो. दुसरं, दुकानात लावलेला तो व्हिडिओ. पोपट, समुद्र, फळांवर पडणारं पाणी. तो कंपनीनं खास फोर-केमध्ये बनवलेला असतो. त्यात उजेड आणि रंग पूर्ण वाढवून ठेवतात. आपल्या घरात पोपट लागत नाही, सात वाजता मालिका लागते.

आता मालिकेचं चित्र येतं कुठनं ते बघा, कारण अंतरापेक्षाही मोठी गोम इथं आहे.

गावात अजून बऱ्याच घरांत फ्री डिश आहे. महिन्याचं भाडं नाही, छत्री एकदा बसवली की झालं. चांगली सोय आहे, पण त्यावरची बहुतेक चॅनेल साध्या दर्जाची, म्हणजे ती चार लाख ठिपक्यांची. केबल किंवा डीटीएच असलं तरी पॅकेज साधं असेल तर तेच. तुमच्या फोर-के टीव्हीला ८३ लाख जागा भरायच्यात आणि वरनं माल येतोय चार लाखांचा. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करावे लागतात. टीव्हीतली चिप अंदाजानं मधले ठिपके भरते. भारी टीव्हीत ते बरं जमतं, स्वस्त फोर-केमध्ये माणसांचे चेहरे मेण लावल्यासारखे दिसतात. जाड सूत आणून तलम फणीत भरलं तर कापड तलम होत नाही, हे मागवाल्याला सांगायला नको. साधं चॅनेल उलट लहान टीव्हीवर जास्त नेटकं दिसतं, आणि ‘नवीन टीव्हीपेक्षा आमचा जुनाच बरा होता’ अशी जी तक्रार आपण ऐकतो, तिचं कारण बऱ्याच वेळा हेच असतं. टीव्हीत काही बिघाड नसतो.

एचडी चॅनेल घेतलं तर काय? स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल आहेत. ती जास्तीत जास्त १९२० गुणिले १०८० ची, म्हणजे फुल एचडी. क्रिकेटचं एचडी चॅनेलही तेवढंच. म्हणजे डीटीएचवर सर्वात चांगलं चित्र घेतलं तरी ते फुल एचडी टीव्हीत पूर्ण मावतं.

यात एक गोष्ट फार घरांत दिसते. टीव्ही नवा, भिंतीवर झकास बसवलेला, सेट टॉप बॉक्स मात्र जुना आणि तो टीव्हीला जोडलेला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं. त्या पिवळ्या वायरीतनं एचडी चित्र येऊच शकत नाही. बॉक्स एचडीचा असला, चॅनेल एचडीचं असलं, महिन्याला जादा पैसे भरत असलात, तरी पिवळ्या वायरीतनं साधंच चित्र येणार. एचडीएमआय नावाची चपटी पिन असलेली वायर लावावी लागते. दोन-तीनशे रुपयांत मिळते. पंचवीस हजारांचा टीव्ही घेण्याआधी एकदा टीव्हीच्या मागं डोकावून बघा, कदाचित सध्याच्याच टीव्हीचं चित्र सुधारेल. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० निवडलंय का तेही बघा.

राहिलं मोबाईलवरचं, म्हणजे इंटरनेटवरचं. फोर-के चित्र खरं तिथंच मिळतं. यूट्यूबवर आहे, नेटफ्लिक्सवर आहे. पण त्याला नेटही तसंच लागतं. नेटफ्लिक्स कंपनी स्वतःच सांगते की फोर-केसाठी सेकंदाला १५ एमबीपीएस वेग पाहिजे आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि तासाला ३ जीबीपर्यंत. म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट लावून दिवसाच्या दोन जीबीत फोर-के बघायचं म्हटलं तर सतरा-अठरा मिनिटांत खेळ खलास. शिवाय तिथं फोर-केसाठी सर्वात महागडा प्लॅन घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी फायबरचं कनेक्शन आहे, वेग तीस-चाळीस आहे, पोरगं पुण्या-मुंबईला असून त्यानं खातं काढून दिलंय, त्यांनी फोर-के जरूर घ्यावा. लेंगरे, भाळवणी, आळसंद अशा मोठ्या गावांत फायबर आलंय. वाडी-वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्यांनी आधी आपल्या घरात कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते बघावं आणि मग आकड्यांच्या मागं लागावं.

‘पुढं उपयोगाला येईल की’ असं एक म्हणणं असतं. त्यात थोडं तथ्य आहे, टीव्ही आपण सात-आठ वर्षं वापरतो. पण पुढचं सांगून काय काय विकलं गेलं तेही आठवा. २०१० नंतर थ्री-डी टीव्हीची अशीच हवा होती. चष्मे लावून टीव्ही बघायचा. २०१७ साल उजाडेपर्यंत मोठमोठ्या कंपन्यांनी ते बनवणंच सोडलं. आता एट-केही निघालाय, सव्वातीन कोटींहून जास्त ठिपक्यांचा. तो कुणी विकायला लागला तर हसून पुढं जा.

याचा अर्थ फोर-के वाईट, असा कुणी काढू नये. खरी गंमत अशी की ४३ इंच आणि त्यापुढं आता कंपन्या फुल एचडी कमी आणि फोर-केच जास्त बनवतात. ५० आणि ५५ इंचात तर बहुतेक फोर-केच मिळतो. सहज मिळतोय आणि किमतीत हजार-पाचशेचाच फरक आहे तर घ्या. माझं म्हणणं एवढंच की त्या आकड्यासाठी चार-पाच हजार जादा मोजू नका. तेवढे पैसे हातात असतील तर ते इंचांत घाला. ३२ ऐवजी ४३ घेतला तर चित्राचं क्षेत्र १.८ पट होतं, जवळजवळ दुप्पट. ४३ वरनं ५५ वर गेलं तर दीड पटीच्याही वर. हा फरक मोतीबिंदूवाल्या आजोबांनाही दिसतो. बातम्यांत खाली सरकणारी बाजारभावाची पट्टी वाचता येते. ठिपके वाढवून ती वाचता येत नाही, अक्षर मोठं झाल्यावर येते.

इंच म्हणजे तिरकं माप, एका कोपऱ्यातनं समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, फक्त काचेचं. कडा धरायची नाही. खोक्यावर सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं. ८० सेंटीमीटर म्हणजे ३२ इंच, १०८ म्हणजे ४३, १३८-१३९ म्हणजे ५५. जुन्या कोनाड्यात किंवा शोकेसमध्ये बसवायचा असेल तर घरनं टेप घेऊन मोजून जा. ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंटीमीटर रुंद येतो. मोजायचं राहिलं की मग सुताराला बोलवावं लागतं.

आता फसवणुकीकडं येऊ, कारण आकड्याचा सगळ्यात जास्त खेळ तिथंच होतो. आपल्याकडं सोनं घेताना टंच काढल्याशिवाय कुणी घेत नाही. सगळ्या देशात टंच काढणारी माणसं आपल्याच तालुक्यातली. पण टीव्ही घेताना आपण खोक्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवतो. स्टिकरवर लिहिलेलं असतं ‘फोर-के सपोर्ट’ किंवा ‘फुल एचडी सपोर्ट’. या ‘सपोर्ट’ शब्दात सगळी मेख आहे. सपोर्ट म्हणजे ते चित्र टीव्ही आत घेऊ शकतो. दाखवताना मात्र त्याच्या काचेवर जेवढे ठिपके आहेत तेवढ्यातच दाखवतो. नावाची कंपनी नसलेले, बाजारात, प्रदर्शनात, टेम्पोवर विकायला येणारे टीव्ही घ्या. बाहेर ‘४के’ एवढं मोठं, आत काच १३६६ गुणिले ७६८ ची. पाच पायलीच्या कणगीत दोन पायली ज्वारी भरली म्हणून ती पाच पायली होत नाही.

टंच काढायची रीत सोपी आहे. दुकानदाराला ‘फोर-के आहे का’ विचारू नका, तो हो म्हणणार. ‘पॅनेलचं रिझोल्यूशन किती’ असं विचारा आणि आकडा टीव्हीच्या मागच्या लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर दाखवा म्हणा. तिथं ३८४० गुणिले २१६० असेल तर फोर-के, १९२० गुणिले १०८० असेल तर फुल एचडी, १३६६ गुणिले ७६८ असेल तर एचडी रेडी. मॉडेल नंबर मोबाईलवर टाकून कंपनीच्या साईटवर बघितलं तर दोन मिनिटांचं काम. त्याच्या शेजारी आयएस चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. टीव्हीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते कळतं. क्रमांकच नसेल तर टीव्ही कितीही स्वस्त असू दे, दुकानातनं बाहेर पडा.

दुसरी रीत, पोपट बंद करायला लावा. दुकानात डीटीएच असतंच. एखादं साधं मराठी चॅनेल लावायला सांगा. मग आपण घरी जेवढ्या अंतरावर बसतो तेवढं मागं सरका, आठ पावलं नव्हे, आठ फूट. चेहरे कसे दिसतात बघा. अंधाराचा सीन आला तर काळ्यात काही दिसतं का बघा. मग बाजूला जाऊन तिरकं उभं राहा. ही गोष्ट शहरातल्या सल्ल्यात फारशी नसते, पण आपल्याकडं मॅच असली की सोप्यात पंधरा माणसं बसतात, निम्मी तिरकीच असतात. काही पॅनेल समोरनं झकास आणि बाजूनं फिकट दिसतात. तसलं घेतलं तर दाराजवळच्या माणसाला मॅच धुतल्यासारखी दिसणार.

उजेडाचंही तसंच. आपलं दार दिवसभर उघडं असतं. दुपारी टीव्हीवर समोरचं अंगण दिसतं, चित्र दिसत नाही. पॅनेलचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही दोनशे ते तीनशेच्या घरात असतात. खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं, पण त्याची खरी मजा घ्यायला यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. तेव्हा त्या अक्षरांचेही वेगळे पैसे देऊ नका. उघड्या दाराच्या घरात दोन टीव्हींपैकी जास्त उजेडाचा फुल एचडी आणि कमी उजेडाचा फोर-के अशी निवड आली, तर मी पहिला घेईन.

‘स्मार्ट’चं थोडक्यात. चार वर्षांत टीव्हीतला स्मार्टपणा म्हातारा होतो, ॲप उघडायला वेळ लागतो. तेव्हा तीन-चार हजारांची काडी एचडीएमआयला लावली की तोच टीव्ही पुन्हा पळायला लागतो. काच मात्र बदलता येत नाही. म्हणजे येते, पण पॅनेलचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. म्हणून काच नीट निवडा, बाकीचं नंतर बघता येतं. आणि चेंडू लागून, खुर्ची लागून फुटलेल्या काचेला वॉरंटी नसते, हे पोरांच्या देखत सांगून ठेवा.

विजेचा खर्च लोक समजतात तेवढा नसतो. ४३ इंची टीव्ही ८० वॉट धरला आणि रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, दोन मॉडेलचे शेजारी ठेवून बघा. आपल्याकडं खरी भीती व्होल्टेजची आणि वळवाच्या विजांची. ढग आले की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायची सवय लावा, स्टॅबिलायझर त्याच्यापुढं काही नाही.

सर्व्हिसचं दुकानातच विचारा. माणूस विट्यातनं येणार, कराडहून येणार की सांगलीहून? किती दिवसांत येणार? ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळाला आणि वस्तीवर यायला कुणी तयार नसेल तर ती स्वस्ताई कामाची नाही. उलट काही वेळा ऑनलाइन खरंच परवडतं. तोच मॉडेल नंबर दोन्हीकडं बघा आणि ऑनलाइनचा भाव दुकानदाराला मोबाईलवर दाखवा. ओळखीचा असला तर तो निम्मा फरक तरी सोडतो.

हप्त्याचं एक राहिलं. ‘शून्य टक्के व्याज’ असा बोर्ड सगळीकडं आहे. शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज कुठंतरी असतंच. कधी प्रोसेसिंग फी म्हणून, कधी रोखीवर मिळणारी सूट बंद करून. विचारायचं असं : ‘आत्ता रोख दिले तर किती, आणि हप्त्यानं सगळे मिळून किती?’ दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज. रोख २३,६०० आणि हप्त्यानं फी धरून २५,४०० होत असेल, तर सरकारनं सोडलेल्या दोन हजारांतले अठराशे फायनान्सवाल्याकडं गेले. द्राक्षवाल्यांनी तर हे खास बघावं. हप्ता दर महिन्याला जातो, माल फेब्रुवारी-मार्चला निघतो. हप्ता चुकला की दंड वेगळा आणि पुढं पीककर्जाला गेल्यावर सिबिल आडवं येतं.

शेवटी बिल. ‘बिल नको असेल तर हजार कमी करतो’ हा आवाज दिवाळीत हमखास ऐकू येतो. बिलाशिवाय वॉरंटी उभी राहत नाही आणि तक्रारही नाही. बिलावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि कराच्या दोन ओळी असल्या पाहिजेत. सीरियल नंबर टीव्हीच्या मागचा आणि बिलावरचा एकच आहे का ते दुकानातच जुळवा, बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. ४३ इंचाला अजून २८ टक्के लावलेले दिसले, किंवा फोर-के सांगून एचडी रेडी दिलेला निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.